डावी बाजू

हिवाळ्यात ती आधी गार पडते.
हंबर नदीवरून वारा सुटला की
कोटाच्या आत, स्वेटरच्या आत, कातडीच्याही आत
फ्रीजमधून काढून ठेवलेली वाटी.
उजवी माझ्याबरोबर तापते, निवते.

कार्ड अजून पाकिटात आहे, लायब्ररीच्या कार्डामागे.
अनुक्रमांक, तीनशे दहा सीसी,
आणि क्लिनिकचा नंबर, जो आता कुठेच वाजत नाही.
तिथे हल्ली गाद्या विकतात.

फॉर्मवर सगळं होतं, खोटं कशाला बोलू.
जंतुसंसर्ग, रक्त साचणं, बधिरपणा,
फाटणं, न कळता फाटणं,
आणि घट्ट होणं, त्याच्यापुढे टक्के.
चष्म्याच्या दुकानात दिवसभर मी
लोकांच्या दोन डोळ्यांतलं अंतर मोजते, मिलिमीटरमध्ये.
आकडे मला कळतात.
पण टक्का नेहमी दुसऱ्या कुणाचा तरी असतो.
सही केली. पेन त्यांचंच होतं, छान चालत होतं.

कुणासाठी केलंस, दुकानातल्या ग्वेनने विचारलं.
नवरा तेव्हा नव्हता, पुढेही झाला नाही.
विट्याला एक शिंपी होता, धोंडीराम मास्तर,
टाचण्या ओठांत धरून बोलायचा.
मी सतराची. मावशीच्या लग्नातला ब्लाउज.
माझ्याकडे नाही, आईकडे बघत म्हणाला,
पोरीला पुढं काय न्हाय, टक्स कशाला घालू?
कापड वाचलं तुमचं.
आई हसली. वाईट नव्हती हसली,
कापड वाचलं म्हणूनच हसली असेल.
ते वाचलेलं कापड मी हल शहरात
हप्त्याहप्त्याने परत विकत घेतलं,
चार हजार आठशे पौंडांना.

आणि सहा वर्षं मजेत गेली, हेही लिहायला हवं.
हिरवा ड्रेस होता एक.
दात घासताना आरशापुढे बाजूने उभी राहायचे,
उगाच.

मग पालथं झोपता येईना.
डावी वर सरकली, गोल गोल झाली,
घरात कुणाशी तरी अबोला धरल्यासारखी.
सोनोग्राफीवाली मुलगी म्हणाली, जेल गार लागेल हं.
म्हटलं, लागू दे, तिथे मला काही कळत नाही.
आईला फोनवर सांगितलं, छातीत दुखतंय जरा.
गॅस असेल, ओवा खा.
खाल्ला.

इथे सर्जनला डॉक्टर म्हणत नाहीत, मिस्टर म्हणतात.
मिस्टर पेटिफर एका मुठीवर दुसरा हात ठेवून दाखवतात:
बाहेरची वस्तू आत आली
की शरीर तिच्याभोवती पिशवी विणतं.
सगळ्यांचंच विणतं, त्यात गैर काही नाही.
कधीकधी ती पिशवी आवळत जाते.
का? नक्की सांगता येत नाही.
बाहेरची वस्तू, ते पुन्हा म्हणतात,
मग माझ्याकडे बघून अडखळतात, कानापर्यंत लाल होतात.
मलाच हसू येतं.
अहो, मला इथे एकोणीस वर्षं झाली.

काढायचे पैसेही माझेच.
सकाळी सात वाजता, कमरेपर्यंत उघडी,
नर्सने पडदा ओढलाय तरी पावलं ऐकू येतात.
ते जांभळ्या पेनाने खुणा करतात,
गळ्याखालून सरळ रेघ, मग एक अर्धगोल, मग दुसरा.
टोपण दातांत धरलेलं. लक्षात येतं, काढून खिशात टाकतात.
नवीन बसवायचे का, थोडे लहान? अजून वेळ आहे.
नाहीतर कातडी सैल राहील, ते बजावतात, ओघळेल.

आणि माझ्या तोंडून मराठीच निघतं:
टक्स नको मास्तर. राहू दे सैल.

सॉरी? ते विचारतात.
शाई ओली आहे. वाळेपर्यंत मी
दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभी राहते.